तिकटीवरचा माणूस

त्या दगडाला पहिला शेंदूर मी लावला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता तिथं देऊळ आहे, कळस आहे, आणि दारावर संगमरवरी पाटी आहे. एका भर दुपारी देवानं आपणहून शेंदूर अंगावर घेतला, असं त्या पाटीवर कोरलं आहे. आठवड्यातून दोनदा मी त्या पाटीसमोरून स्कूटरवरून जातो. पाटी आली की मान रस्त्याकडं वळवतो. पंचवीसेक वर्षं असंच चाललं आहे. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळं गप्प राहणं कोणाला वेगळं वाटलं नाही.

ज्या बाईपुढं हे कबूल करायचं होतं ती आता नाही. सगळी पेठ तिला आक्का म्हणायची. तिचं पहिलं दर्शन मला मनगटावर झालं.

जयसिंगपूरहून नोकरीसाठी कोल्हापुरात आलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. रस्त्यांची मोजणी करून नकाशे काढून देणाऱ्या एका खासगी कचेरीत लागलो होतो. खोली पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका तिकटीला लागून. तीन रस्ते जिथं मिळत होते तिथं छातीएवढ्या उंचीचा एक कोरीव दगड उभा होता, आणि त्याच्या शेजारी सकाळ-संध्याकाळ आक्काची म्हैस उभी असायची. पेले घेऊन माणसं रांगेत थांबायची. आक्का पेल्यातच धार काढायची आणि फेसासकट हातात द्यायची. पहिल्या सकाळी मी दगड पाहिला, सवयीनं चपला काढल्या आणि हात जोडले. तोच म्हशीच्या ओल्या दाव्याचा फटका मनगटावर बसला.

"काय करतोस?"

"नमस्कार."

"कुनाला?"

"देवाला."

"देव न्हाई त्यो. मानूस हाय. मानसाला रामराम घालत्यात. घाल, आन् हात धू. दूध घ्यायचं न्हवं?"

मी दगडाला रामराम घातला. रांगेतलं कोणी हसलं नाही. प्रत्येकानं तो फटका कधी ना कधी खाल्लेला असावा.

'हात धू' हे तिचं सगळ्यांना सारखंच होतं. दगडाच्या पायाशी बादली आणि तांब्या ठेवलेला असे. वकील असो, मास्तर असो, बाजारसमितीतला हमाल असो, हात धुतल्याशिवाय पेला मिळत नसे. एकदा एक पैलवान म्हणाला, "आक्का, तालमीतनं सरळ आलोय, हात स्वच्छ हाईत."

"व्हय की. माती अंगाला लावायची आन् दूध पोटात घालायचं, तुला कळतंय त्यातलं. पर हात धू."

मी तिला पहिले काही दिवस 'तुम्ही' म्हणायचो. एका संध्याकाळी तिनं म्हशीच्या कासेवरचा हात थांबवून मागं वळून पाहिलं. "तुमी कुनाला म्हंतोस? माझ्या मागं आनि कोन हुबं हाय का?" तेव्हापासून 'तू'. ती मात्र स्वतःविषयी बोलताना आमच्याकडच्या बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची आणि त्यात तिचा उभं राहण्याचा ढंग पुरेपूर उतरायचा.

धार काढायला बसली की पहिली धार ती पेल्यात घ्यायची नाही. ती टाकूनच द्यायची असते. आक्का ती दगडाच्या पायाशी टाकायची. हा नैवेद्य का, असं मी विचारलं. "निवेद कशाचा? वाया जाती न्हवं, मग कुठंतरी जायाचीच. जाऊ दे त्याच्या पायाशी."

दगडाची तिला भलती माहिती होती, आणि ती कोणी शिकवलेली नव्हती. तिच्या सासूनं तिला जेवढं दाखवलं होतं त्यात तिनं बघून बघून भर घातली होती. तीन कप्पे होते. सगळ्यात खाली एक माणूस ढाल-तलवार घेऊन चौघांशी लढत होता, त्याच्यामागं चार गुरं, आणि शेवटच्या गाईपाशी मान वळवून मागं बघणारं वासरू. मधल्या कप्प्यात त्याच माणसाला दोन बाया दोन्ही बाजूंनी धरून वर नेत होत्या. वरच्यात तो पिंडीसमोर मांडी घालून बसला होता, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. "गुरं वडून न्ह्याला आली हुती मानसं," आक्का सांगायची. "ह्यो आडवा गेला. मेला. गुरं ऱ्हायली. वासरू बघ, अजून बघतंय, ह्यो मागनं येतोय का म्हणून."

एकदा कॉलेजचे एक प्राध्यापक मुलांना घेऊन आले. हा वीरगळ आहे, शिलाहारांच्या काळातला असावा, रस्ते फुटतात त्या जागी असे दगड उभारत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं की इथं कोण कशासाठी पडलं, असं त्यांनी सांगितलं. दोन कप्प्यांच्या मधल्या पट्टीवर नाव होतं, पण अक्षरं झिजल्यामुळं ते आता वाचता येत नाही, असंही म्हणाले. आक्का म्हशीला टेकून ऐकत होती.

"सायेब, वीर म्हंजे सरदार काय?"

"सरदारच असेल असं नाही. गावचा कोणीही असू शकतो. गवळीसुद्धा."

"मग आमच्यातलाच की," आक्का म्हणाली आणि प्राध्यापकांना पेला दिला. आधी हात धुवायला लावून.

दगडाच्या उजव्या कडेला एक गुळगुळीत खळगा होता. कैक पिढ्यांनी विळे घासून तो पाडला होता. प्राध्यापक त्यावर हळहळले, पण आक्काला त्यात काही वावगं दिसेना. कोणी विळा घेऊन आलं की ती स्वतःच बोटानं जागा दाखवायची. "लाव हिथं धार. त्याला चालतंय. त्यो धारंचाच मानूस, आन् मी बी."

जे तिला चालायचं नाही ते मात्र कोणाचंच चालायचं नाही. निवडणुकीत एका उमेदवाराच्या माणसांनी त्याचा मोठा फलक दगडाला बांधला. आक्कानं विळ्यानं दोऱ्या कापल्या, फलक काढला आणि पावसात म्हशीच्या पाठीवर पांघरला. उमेदवाराची माणसं भांडायला आली. म्हशीच्या दोन्ही कुशींवर त्यांच्या साहेबांचं हात जोडलेलं चित्र होतं. "पाच वरसं कुनाच्या उपेगी पडला न्हाई," आक्का म्हणाली, "आता म्हशीच्या तरी पडतोय. ऱ्हाऊ दे." माणसंही हसत परत गेली.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. आक्काही शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून म्हशीला आणायची. इतरांच्या म्हशी मोटारसायकलमागं धावायच्या. तिची म्हैस दगडासमोर येऊन उभी राहायची. मग आक्का भर रस्त्यात मोठ्यानं ओरडायची, "बघ रं, तुझी गुरं हाईत. एक बी गेल्यालं न्हाई!" ओवाळणं नाही, नारळ नाही. एवढीच हजेरी.

मग तो रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि मोजणी आमच्या कचेरीकडं आली. तिकटीवर फीत मी धरली. दगड नव्या रस्त्याच्या बरोबर मधोमध येत होता.

वाटेतल्या वस्तूंच्या तक्त्यात मी लिहिलं : 'कोरीव वीरगळ, जुना.' आमच्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "देव आहे का?"

"नाही सर. वीरगळ आहे."

"पूजा होते?"

"नाही."

"मग दगड लिही. 'इतर अडथळे' मध्ये घाल. देव असता तर गोष्ट वेगळी. देवाला कोणी हात लावत नाही." आणि त्यांनी माझ्या शब्दांवर काट मारून स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'दगड, नग एक.'

संध्याकाळी मी आक्काला सगळं सांगितलं, आणि मला सुचलेला उपायही. "आक्का, तू नुसतं देव आहे म्हण. दोन फुलं वाहा. पेठ तुझं ऐकेल. दगड वाचेल."

ती बराच वेळ धार काढत राहिली. पेला भरून वाहिला तरी थांबली नाही. "आन् त्यो?"

"तो कोण?"

"त्यो मानूस. देव म्हनलं की मानूस गेला. गुरांसाठी कोन मेलं, ह्ये कोन सांगनार मग? दगड वाचवून काय करू मी, वरवंटा करू?"

"मग काय करायचं?"

"कागुद लिव्ह. तू शिकल्यालं हाईस, मोजनी तू केलीस, तुला सगळं ठावं हाय. मी सांगतो तसं लिव्ह. मी अंगठा लावतो, खाली तू सई कर. आन् न्हेऊन दे जिथं द्यायचा तिथं."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओसरीवर बसून मी अर्ज लिहिला. सरकारी भाषा मी माझ्या पदरची घातली, मजकूर तिचा. 'तिकटीवरील दगड हा देव नसून माणूस आहे. तो गुरे राखताना मेला आहे. देव नाही म्हणून हलवता येतो असे कोणी समजू नये. माणूस आहे म्हणूनच हलवू नये.' ती अंगठा लावताना म्हणाली, "रेघा उठनार न्हाईत. धारा काढून काढून झिजल्यात. त्याची अक्षरं गेली, माझ्या रेघा गेल्या." खरंच, कागदावर नुसता शाईचा गोल डाग उमटला. त्याच्याखाली रीतीप्रमाणं मी लिहिलं, 'निशाणी डावा अंगठा. लिहिणार :' आणि तिथं थांबलो. सही खोलीवर जाऊन चांगल्या पेनानं करतो म्हणालो.

ती सही मी केली नाही. मोजणी करणाऱ्यानंच आपल्या कचेरीच्या तक्त्याविरुद्ध अर्ज लिहिला, हे साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. घरी धाकटी बहीण लग्नाची होती, वडील आजारी होते. हे सगळं खरं आहे, आणि तरीही ते कारण म्हणून पुढं करायला आज जीभ रेटत नाही. आक्कानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दिला अर्ज." अर्ज माझ्या ट्रंकेत होता.

काम सुरू व्हायला चार-पाच दिवस राहिले. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशार आहे. आक्का रोज दुपारी म्हैस धुवायला पंचगंगेवर न्यायची. त्या वेळी तिकटीवर चिटपाखरू नसायचं. मी शेंदराची पुडी आणली, खोलीवरच्या तेलात शेंदूर कालवला आणि दुपारी रुमालाखाली वाटी धरून बाहेर पडलो. पाच मिनिटांत काम झालं. लढणारा माणूस, त्याची गुरं, त्या दोन बाया, सगळ्यांवरून हात फिरवला. वासराच्या तोंडापाशी क्षणभर थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं. मग तेही झाकलं. वर दोन जास्वंदीची फुलं ठेवली आणि खोलीवर जाऊन कडी लावून बसलो.

संध्याकाळी बाहेर आलो तर गर्दी होती. नारळ फुटले होते, उदबत्त्या लागल्या होत्या. आक्का म्हैस घेऊन आली तशी गर्दी बाजूला सरली. तालीम मंडळाचे अध्यक्ष तात्या पुढं झाले. माणूस वाईट नव्हता, भाबडा होता. "आक्का, आता तरी मान. देवानं आपनहून अंगावर घेतलाय."

आक्कानं दगडावरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. "देवाला शेंगतेल कुठनं गावलं रं, तात्या?"

शेंदूर तिळाच्या तेलात कालवतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या खोलीवर भाजीचं शेंगतेल होतं. गर्दीत दोघंतिघं हसली, पण बाया गप्प होत्या. त्यांनी डोकी टेकली होती, आणि टेकलेलं डोकं परत घेता येत नाही.

"लावनारा फुडं यू दे," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी मारनार न्हाई त्याला. त्यानं येवढंच सांगावं : देव दिसला, का भ्याला?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. हात खिशात होते. कोणी पुढं आलं नाही.

थोड्या वेळानं ती रोजच्यासारखी धार काढायला बसली. मी पेला घेऊन गेलो. गेलो नसतो तर तेच डोळ्यांवर आलं असतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हात धू."

माझ्या नखांच्या कडांना शेंदराची रेघ होती. मी पाठ वळवून हात धुतले. हे शब्द ती रोज प्रत्येकाला म्हणायची. त्या संध्याकाळी ते रोजचेच होते की माझ्यापुरते होते, ते मला आजही माहीत नाही.

रस्ता वळला. साहेबांनी स्वतः नकाशावर गोल काढून 'धार्मिक स्थळ' लिहिलं. दगड जागेवर राहिला. माझी हुशारी फळली, आणि मग तिला फळं लागतच गेली. शेंदराचा थर चढत गेला, कप्पे बुजले, वर चांदीचे डोळे बसले, पत्र्याची शेड आली, मग भिंती, मग फरशी. फरशी आल्यावर मंडळाची माणसं आक्काकडं आली. देवळासमोर शेण बरं दिसत नाही, म्हणाली. ज्या गुरांसाठी तो मेला, ती गुरं त्याच्यासमोर नकोत असं ठरलं. आणि ते शक्य झालं माझ्या पाच मिनिटांमुळं.

दगड घासून काढायचा तिनं एकदा प्रयत्न केला होता. काथ्या आणि राख घेऊन पहाटे बसली. बाया रडायला लागल्या तशी उठली. "त्यांच्या अंगावर मी जानार न्हाई. त्यांचा काय गुन्हा? त्यास्नी फसिवलंय कुनीतरी." पण जागा सोडायला ती तयार नव्हती. मंडळानं देवळामागची गल्ली देऊ केली. "त्याच्या पाठीमागं मी ऱ्हानार न्हाई. मी काय त्याला भ्यालो न्हाई, आन् त्यो मला लाजत न्हाई." ती रस्ता ओलांडून समोर गेली, विजेच्या डब्याशेजारी. देवळाच्या दारातून सरळ दिसेल अशी म्हैस बांधायची. पहिली धार तिथूनच, देवळाच्या दिशेनं रस्त्यावर टाकायची. पुढची पंधरा-सोळा वर्षं तिनं देवळात पाऊल टाकलं नाही, हात जोडले नाहीत, आणि एकही पाडवा चुकवला नाही. आत आरती चालू असायची, आणि बाहेरून रंगवलेल्या शिंगांच्या म्हशीशेजारी उभं राहून ती घंटेच्या वरताण ओरडायची, "बघ रं, तुझी गुरं हाईत! एक बी गेल्यालं न्हाई!" मंडळातली नवी पोरं चिडायची. तात्या त्यांना म्हणायचे, "गप बसा. तिचं आधीपासनं हाय."

शेवटच्या दुखण्यात मी तिला भेटायला गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो. दारात म्हैस होती, आक्का बाजेवर. हात पार वाळले होते, मूठ तेवढी अजून मिटलेली, धार काढायच्या ठेवणीतली.

"आत चांगला आसंल न्हवं त्यो?" तिनंच सुरुवात केली.

"असेल, आक्का. थराखाली दगड झिजत नाही."

"मग बसू दे. लढताना मेल्यालं मानूस. शेंदरात काय मरतंय व्हय?"

"आक्का, मला एक सांगायचं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, असं मला वाटतं. मग सुनेला हाक मारली, "ह्येला दूध दे गं." आणि मला म्हणाली, "हात धू."

मी हात धुतले, दूध प्यालो आणि आलो. पंधरवड्यानं ती गेली.

गेल्या महिन्यात देवळात एक गोष्ट घडली. शेंदराचा थर फार जाड झाला की कवच सुटतं, तसं सुटलं. खालच्या बाजूचा ताटाएवढा तुकडा गळून पडला. बातमी ऐकून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत गेलो. उघड्या पडलेल्या जागेत वासरू होतं, मान वळवून मागं बघणारं. नाक, कान, डोळा, सगळं शाबूत. आक्काचं खरं होतं. आत तो चांगला होता.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. नव्या पोरांपैकी काहीजण म्हणतात, सगळं कवच उतरवू, खाली काय आहे ते लोकांना बघू दे. काहीजण म्हणतात, देवानं स्वतः घेतलेला शेंदूर आपण कोण काढणार? परत लेप देऊ. तात्या आता थकले आहेत. ते एवढंच म्हणाले, "आपनहून घेतलावता का न्हाई, ह्ये सांगनारं कोन हाय आता?"

सांगणारा आहे. आक्कानं गर्दीला विचारलेला प्रश्न माझा होता, आणि त्याचं उत्तर एका ओळीचं आहे : देव दिसला नव्हता, भ्यालो होतो. लोक रागावतील. बाया रडतील, आणि त्यांना रडवणारा मी असेन. कोणी अंगावर आलं तर येऊ दे. आक्का समोर विजेच्या डब्यापाशी सोळा वर्षं उभी राहिली. मला एक सकाळ उभं राहता यायला हवं.

अर्ज ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवला आहे. कागद पिवळा पडला आहे, अंगठ्याचा गोल डाग अजून काळाभोर आहे. त्याखाली 'लिहिणार' या शब्दापुढची जागा कोरी आहे. तिथं माझी सही करून तो अर्ज पोचता करणं, हे मी आक्काचं अजून देणं लागतो.